आधी मांडणी, मग टीका : राजकीय विचारवंत वाचायला शिकवणाऱ्या एका अभ्यासवर्गाविषयी

पहिल्याच आठवड्यात माझे टिपण परत आले. अठराव्या शतकातील ब्रिटिश राजकारणी व विचारवंत एडमंड बर्क यांच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील १७९० च्या पुस्तकातील नेमून दिलेली पाने वाचून त्यांचे म्हणणे तीनशे शब्दांत, स्वतःचे एकही मत न मिसळता मांडायचे होते. बर्क हे राजेशाहीचे आणि सरदारवर्गाचे कैवारी असून प्रत्येक बंडाला त्यांचा विरोध होता, असे मी लिहिले. टिपण तपासणाऱ्या साहाय्यकांनी समासात दोनच प्रश्न लिहिले होते. अमेरिकन वसाहतींशी समेट करावा म्हणून याच बर्क यांनी १७७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात भाषण केले, ते या मांडणीत कुठे बसते? आणि बंगालचे माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर महाभियोग चालवून, १७८८ पासून १७९५ पर्यंत चाललेल्या खटल्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या जुलमांचा जाब मागणारा माणूस केवळ सत्ताधाऱ्यांचा कैवारी कसा ठरतो? या दोन्ही गोष्टी मला ठाऊक नव्हत्या असे नाही. लिहिताना त्या आठवल्या नाहीत, कारण बर्क काय म्हणतात याचे उत्तर मी पुस्तक उघडण्यापूर्वीच ठरवून टाकले होते.

राजकीय विचारवंतांचे प्रकाशित लेखन वाचून त्यावर न्याय्य टीका कशी करावी, एवढाच विषय घेऊन चालणारा आठ आठवड्यांचा हा ऑनलाइन अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. वर्गाच्या उणिवांविषयी मला स्पष्टपणे लिहायचे आहे आणि माझे म्हणणे मुख्यतः पद्धतीविषयी आहे, म्हणून चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी येथे देत नाही.

आठवड्यातून एकदा दीड तासाची बैठक, त्याआधी चाळीस ते पन्नास पानांचे वाचन आणि त्यानंतर दोन भागांचे लेखन, अशी वर्गाची रचना आहे. पहिला भाग ‘मांडणी’ आणि दुसरा ‘टीका’. मांडणी तपासताना साहाय्यक त्या विचारवंताच्या कट्टर समर्थकाची भूमिका घेतात, आणि ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ असे त्या भूमिकेतून त्यांना म्हणता येईपर्यंत टीका लिहिण्याची परवानगी मिळत नाही. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष आधी मांडून मगच उत्तरपक्षाकडे जाण्याची जी शिस्त आहे, तिचेच हे आजचे रूप म्हणता येईल. विसाव्या शतकात आनातोल रॅपोपोर्ट यांनी वादविवादासाठी सुचवलेला नियमही याच जातीचा आहे : प्रतिपक्षाचे म्हणणे त्याचे समाधान होईल इतक्या नेमकेपणाने सांगता आले, तरच खंडनाला हात घालावा. नियम ऐकायला सोपा वाटतो. पाळताना काय होते हे मला बर्क यांच्या टिपणाने दाखवले. ते तिसऱ्या खेपेला मान्य झाले, आणि तोपर्यंत त्यांच्यावरचे माझे जुने आक्षेप निम्मे गळून पडून उरलेले निम्मे मात्र कितीतरी अधिक टोकदार झाले होते.

न्याय्य टीका म्हणजे मवाळ टीका, हा गैरसमज मनात धरून मी वर्गात आलो होतो आणि तो दूर करण्याचे श्रेय मी निःसंकोचपणे वर्गाच्या दुसऱ्या आठवड्याला देतो. बर्क यांचे पुस्तक बाहेर पडल्यावर महिन्याभरातच मेरी वोलस्टनक्राफ्ट यांनी त्याला पुस्तकरूपाने उत्तर दिले आणि १७९१ मध्ये टॉमस पेन यांनी दिले. दोन्ही उत्तरे जळजळीत आहेत. फ्रान्सच्या राणीच्या दुर्दशेवर बर्क यांनी लिहिलेला भावविवश परिच्छेद घेऊन पेन म्हणतात की यांना पिसाऱ्याची दया येते, पण मरणाऱ्या पक्ष्याचा विसर पडतो. हे वाक्य न्याय्य आहे का, यावर बैठकीचा निम्मा वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. माझ्या मते ते न्याय्य आहे. बर्क यांनी खरोखर लिहिलेल्या, पानावर बोट ठेवून दाखवता येणाऱ्या मजकुराला ते भिडते आणि त्या मजकुरातील करुणा कोणाच्या वाट्याला येते व कोणाच्या येत नाही, हे उघड करते. वोलस्टनक्राफ्ट यांच्या पुस्तकात मात्र काही ठिकाणी बर्क यांच्या हेतूंवर आणि स्वभावावर रोख वळतो, तेथे मला त्यांची बाजू पटत असूनही युक्तिवाद पातळ झालेला जाणवला. शब्दांची धार आणि रोखाचा अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन खऱ्या पुस्तकांच्या आधारे इतक्या स्पष्टपणे मला पूर्वी कोणी दाखवले नव्हते.

तिसरा आठवडा ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचा होता. स्वातंत्र्यावरील १८५९ च्या ग्रंथात दुसऱ्या प्रकरणात मिल सांगतात की ज्याला फक्त स्वतःची बाजू ठाऊक आहे, त्याला तीसुद्धा पुरती ठाऊक नसते. आणि विरोधी युक्तिवाद आपल्या गुरूंच्या तोंडून ऐकणे पुरेसे नाही, ज्यांचा त्यावर मनापासून विश्वास आहे त्यांच्याकडून तो ऐकला पाहिजे. या वर्गाचे घोषवाक्य म्हणून शोभावे असेच हे प्रकरण आहे. शिक्षकांनी मात्र तेथे न थांबता पहिल्या प्रकरणातील तो परिच्छेद वाचायला लावला, ज्यात मिल आपले स्वातंत्र्याचे तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही असे सांगतात आणि अशा समाजांसाठी, त्यांची सुधारणा हा हेतू असेल तर, एकछत्री सत्ता समर्थनीय मानतात. मिल यांनी १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरी केली, हेही त्यासोबत सांगितले गेले. न्याय्य वाचन म्हणजे विचारवंताची उत्तम वाक्ये वेचणे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा आठवडा जरूर अनुभवावा. अडचणीचा मजकूर झाकणे हाही अन्यायच असतो. तो वाचकावर होतो, आणि ज्या माणसाचे विचार गांभीर्याने घ्यायचे ठरवले आहे त्याच्यावरही होतो. शिवाय येथे टीकाकाराचे काम सोपे होते, कारण आक्षेप बाहेरून आणावा लागत नाही. कोणत्याही मताची सत्यता तपासण्याचा अधिकार एका माणसालाही नाकारू नये असे म्हणणारा लेखक संपूर्ण समाजांच्या प्रौढत्वाचा निकाल अर्ध्या परिच्छेदात कसा देतो, हा प्रश्न त्याच्याच ग्रंथातून उभा राहतो.

यानंतर वर्गाची मोठी चूक घडली. कार्ल मार्क्स यांच्या आठवड्यासाठी आम्हाला मिळाले ते फक्त दोन पानांचे, धूसर स्कॅन केलेले टाचण. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल यांच्या विधितत्त्वज्ञानावरील समीक्षेची जी प्रस्तावना १८४४ मध्ये प्रकाशित झाली, तिच्यातील ‘धर्म ही लोकांची अफू आहे’ हे वाक्य त्यात ठळक छापलेले होते. पण त्याच्या लगतची, धर्माला पीडित जिवाचा सुस्कारा आणि हृदयशून्य जगाचे हृदय म्हणणारी ओळ पान तुटल्यामुळे गायब होती. भाषांतर कोणाचे, कोणत्या साली झालेले, याचा उल्लेख कुठेही नव्हता. एकोणिसाव्या शतकात अफू हे वेदनाशामक म्हणूनही घरोघर वापरले जाणारे औषध होते, एवढी साधी तळटीप असती तरी त्या वाक्याचे वजन बदलले असते. पहिल्या आठवड्यात मला माझ्या आंधळेपणाबद्दल योग्य जाब विचारणाऱ्या वर्गाने चौथ्या आठवड्यात वीस-पंचवीस जणांच्या हाती अर्धे वाक्य ठेवावे, हे मला खटकले आणि मी ते लेखी कळवले. उत्तर नम्र होते, पूर्ण मजकूर दोन दिवसांनी मिळालाही, परंतु तोपर्यंत बैठक होऊन गेली होती. विचारवंताचे म्हणणे संदर्भासह वाचावे हा ज्या सेवेचा गाभा आहे, तिने वाचनसाहित्याच्या बाबतीत हयगय करणे ही किरकोळ त्रुटी मानता येत नाही.

केन्स आणि हायेक या अर्थशास्त्रज्ञांच्या आठवड्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो थोडक्यातच उरकला गेला. हायेक यांचे गुलामगिरीच्या वाटेविषयीचे पुस्तक १९४४ मध्ये आले आणि त्याच वर्षी जून महिन्यात, युद्धोत्तर चलनव्यवस्था ठरवणाऱ्या ब्रेटन वुड्स परिषदेच्या तोंडावर, केन्स यांनी त्यांना पत्र लिहून नैतिक व तात्त्विक पातळीवर आपण जवळजवळ संपूर्ण पुस्तकाशी सहमत असल्याचे कळवले. हायेक यांचे चाहते एवढाच भाग उद्धृत करतात. त्याच पत्रात पुढे केन्स विचारतात की नियोजनाची रेषा कुठेतरी ओढावीच लागते हे तुम्ही मान्य करता, मग ती कुठे ओढायची याचे काहीच मार्गदर्शन का करत नाही? सहमती प्रामाणिकपणे नोंदवून मग नेमक्या सांध्यावर बोट ठेवण्याचा हा नमुना फार मोलाचा आहे. खासगी पत्रातील मताला प्रकाशित ग्रंथातील मताइतकेच वजन द्यावे का, हा त्यातून निघणारा प्रश्न मी बैठकीत विचारला, पण वेळ संपला होता.

सहाव्या आठवड्यात अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा न्यायाचा सिद्धान्त, म्हणजे आर्थिक विषमता सर्वांत दुर्बळांच्या हिताची असेल तरच न्याय्य मानणारा १९७१ चा ग्रंथ, आणि त्याला रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये दिलेले उत्तर समोरासमोर ठेवले होते. दोघे हार्वर्डमध्ये एकाच विभागातील सहकारी. रॉल्स यांचे मत खोडण्यासाठी लिहिलेल्या त्या पुस्तकात नोझिक आधी स्पष्टपणे सांगतात की यापुढे राजकीय तत्त्वज्ञांना एक तर रॉल्स यांच्या सिद्धान्ताच्या चौकटीत काम करावे लागेल किंवा तसे का करत नाही याचे कारण द्यावे लागेल. त्याच पुस्तकात आहे ते बास्केटबॉलपटूचे प्रसिद्ध उदाहरण : वाटप तुम्हाला हवे तसे न्याय्य आहे असे समजा, मग हजारो प्रेक्षक स्वखुशीने थोडे थोडे पैसे त्या खेळाडूला देतात आणि तो श्रीमंत होतो, आता हे नवे वाटप अन्याय्य कसे? वर्गातील बहुतेकांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला. साहाय्यकांनी रॉल्स यांच्या समर्थकाची भूमिका घेऊन विचारले की रॉल्स यांची तत्त्वे समाजाच्या मूलभूत संरचनेला, म्हणजे संविधान, करव्यवस्था, मालमत्तेचे कायदे यांना लागू आहेत, दोन माणसांमधील एकेका व्यवहाराला नाहीत. मग हे उदाहरण नेमके कोणाचे खंडन करते? त्या दिवशी दीड तासाची बैठक अडीच तास चालली. उदाहरणाचा सारा जोर रॉल्स यांच्यावर पडत नाही, तरी करआकारणी आणि स्वेच्छेचे व्यवहार यांतील ताण ते खरोखर दाखवते, अशा निष्कर्षाला मी आलो. इतर काहीजण वेगळ्या निष्कर्षाला आले आणि प्रत्येकाला आपले कारण पानाचा हवाला देऊन सांगता आले. वर्गाचे शुल्क या एका बैठकीने भरून निघाले असे मी म्हणेन.

याच आठवड्याला जोडून ब्रिटिश कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांचा १९७३ चा लेख दिला होता. स्वातंत्र्याला इतर उद्दिष्टांपेक्षा अग्रक्रम देण्याची रॉल्स यांनी दिलेली कारणे अपुरी आहेत, हे हार्ट यांनी त्यात संयमाने आणि ओळीओळीचा आधार घेत दाखवले. रॉल्स यांनी ते मान्य केले. १९८१ च्या व्याख्यानात त्यांनी आपल्या न्यायाच्या दोन तत्त्वांपैकी पहिल्या, म्हणजे स्वातंत्र्याच्या, तत्त्वाची शब्दरचना बदलली. मूलभूत स्वातंत्र्यांची ‘शक्य तितकी व्यापक’ व्यवस्था म्हणण्याऐवजी ‘पूर्णपणे पुरेशी’ व्यवस्था असे म्हटले, आणि हा बदल हार्ट यांच्या आक्षेपांमुळे केल्याचे सांगितले. म्हणून आज रॉल्स यांच्यावर लिहिणाऱ्याने आपण १९७१ च्या मजकुरावर बोलतो आहोत की सुधारित मांडणीवर, हे सांगितलेच पाहिजे. विचारवंताने स्वतः सोडून दिलेल्या विधानावर हल्ला चढवून विजय साजरा करणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत, आणि मला कबूल केले पाहिजे की एकदोन मीही लिहिले आहेत.

सातवा आठवडा माझ्या दृष्टीने सर्वोत्तम ठरला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिसंस्थेच्या उच्चाटनावर तयार केलेले अध्यक्षीय भाषण मंडळाला मजकूर न मानवल्याने झालेच नाही, आणि १९३६ मध्ये त्यांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. महात्मा गांधी यांनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. त्या टीकेत गांधीजींनी हे भाषण कोणत्याही सुधारकाला डावलता येणार नाही असे म्हटले, आठ आण्यांची किंमत कमी करून दोन किंवा निदान चार आणे ठेवावी असे सुचवले, आणि मग आक्षेप घेतला की धर्माची पारख त्याच्या निकृष्ट नमुन्यांवरून न करता उत्कृष्ट नमुन्यांवरून व्हावी; चैतन्य, ज्ञानदेव, तुकाराम यांच्यासारख्यांनी जो धर्म आचरला तो इतका गुणहीन असू शकत नाही. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत डॉ. आंबेडकरांनी गांधीजींचे हे लेख पुस्तकातच छापले, त्यांतील मुद्दे आधी क्रमाने मांडले आणि मग एकेकाला उत्तर दिले. संतांनी ईश्वरापुढे माणसे समान असल्याचे सांगितले, पण जातिसंस्थेविरुद्ध मोहीम उघडली नाही, हे त्यांचे उत्तर आजही वाचताना अंगावर येते. प्रतिपक्षाचे शब्द आपल्याच पुस्तकात छापण्याइतका आत्मविश्वास आणि स्वतःच्या शब्दांत तसूभरही माघार नाही, असे दोन्ही गुण एकत्र पाहायचे असतील तर ही आवृत्ती वाचावी. आंतरजातीय विवाहांविषयीची गांधीजींची भूमिका पुढील दशकात बरीच बदलली, याची नोंद शिक्षकांनी न विसरता केली. १९३६ चे गांधी आणि १९४६ चे गांधी यांना एकाच वाक्यात पकडणाऱ्या टिपणांना त्यांनी दोन्हीकडून जाब विचारला.

आता माझी मुख्य तक्रार. टिपणे दोन साहाय्यक तपासत होते आणि त्यांच्या कसोट्या सारख्या नव्हत्या. एकांना मांडणी अचूक असली की टीका कितीही कठोर चालत असे. दुसऱ्या साहाय्यकांच्या मते मात्र टीकेच्या शेवटी दोन्ही बाजूंत तथ्य आहे असे आले, तरच ती न्याय्य. गांधी-आंबेडकर वादावरील टिपणात गांधीजींचे म्हणणे नेमके मांडून, या मुद्द्यावर डॉ. आंबेडकर पूर्णपणे बरोबर आहेत असा निष्कर्ष मी काढला, तेव्हा ‘एकांगी’ असा शेरा मिळाला. त्या शेऱ्याला माझा आजही विरोध आहे. न्याय्यपणा ही वाचनाची आणि मांडणीची अट आहे, निकालाची नव्हे. दोन्ही बाजू ऐकल्यावर एक चूक ठरत असेल तर तसे स्पष्ट सांगणे हे ऐकून घेतलेल्याचेच फळ असते. मध्यभागी उभे राहण्याची सक्ती केली की वाचक पुस्तकाऐवजी तराजूकडे पाहू लागतो. वर्गाने ही कसोटी एकदा लिहून, सर्व साहाय्यकांसाठी सारखी करावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

शेवटच्या आठवड्यात आपल्याला सर्वांत नावडता विचारवंत निवडायचा होता. मी जर्मन कायदेपंडित कार्ल श्मिट निवडले. राजकारणाची ओळख मित्र आणि शत्रू या भेदावरून होते, हा त्यांचा सिद्धान्त १९२७ मध्ये लेखरूपाने आणि १९३२ मध्ये विस्तारून पुस्तकरूपाने आला. १ मे १९३३ रोजी ते नाझी पक्षाचे सदस्य झाले आणि १९३४ मध्ये हिटलरने घडवलेल्या हत्यांचे त्यांनी कायदेपंडित म्हणून समर्थन केले. श्मिट शत्रूचा द्वेष करायला शिकवतात, असे माझे पहिले टिपण म्हणत होते. ते परत आले, आणि योग्य कारणासाठी आले : शत्रू नैतिकदृष्ट्या वाईट असण्याची किंवा त्याच्याविषयी वैयक्तिक द्वेष असण्याची गरज नाही, तो सार्वजनिक अर्थाने शत्रू असतो, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. दुसऱ्या टिपणात मी त्यांच्या पक्षसदस्यत्वालाच युक्तिवादाचे खंडन मानले होते. तेही परत आले. माणसाच्या पुढच्या वर्तनाने त्याचे आधीचे पुस्तक आपोआप खोटे ठरत नाही. त्या दोहोंमधील दुवा टीकाकाराने स्वतः सिद्ध करावा लागतो. तिसऱ्या टिपणात मी तो शोधला. शत्रू कोण हे ठरवण्याचा अधिकार श्मिट राज्यसंस्थेकडे देतात, आणि त्या निर्णयाला मर्यादा घालू शकेल असे एकही तत्त्व त्यांच्या पुस्तकात मला सापडत नाही. १९३४ मधील समर्थन त्या पुस्तकातून अपरिहार्यपणे निघत नसले, तरी त्याला अडवणारे त्या पुस्तकात काहीच नव्हते. ही मांडणी मान्य झाली आणि टीकेचा भाग उघडला, तेव्हा तो लिहायला मला जेमतेम एक तास लागला.